फिनलंडची पंतप्रधान, राजकारण वगळून

महिला दिनाच्या भाषणासाठी मी फिनलंड निवडलं, कारण अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात फिनलंडबद्दल कोणालाच काही माहीत नसणार याची मला खात्री होती. कार्यक्रमाचा विषय होता 'जगातल्या कर्तबगार महिला'. प्रसिद्ध बायका व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याच सकाळी संपल्या होत्या. चार लोकांसमोर बोलायची मला सवय नाही, त्यात माझं मराठी इंग्लिश मीडियमचं. निदान चुका पकडणारं कोणी नसावं, एवढीच माझी अपेक्षा. नाही म्हणायची सोयच नव्हती, कारण कार्यक्रम करणाऱ्या काकू आईच्या मैत्रीण झाल्या होत्या.

आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली ती ऐन जानेवारीत. काही दिवस तिने खिडकीतून बर्फ बघितला आणि मग विचारलं, "तिकीट अलीकडचं करता येतं का गं?" मी ऑफिसला जायचे, ती दिवसभर एकटी. संध्याकाळी बघावं तर दुपारचा भात तसाच. मग या काकूंनी तिला मॉलमध्ये नेलं. हिवाळ्यात इथे मुलांकडे आलेले आईवडील मॉलमध्येच चालतात, सकाळी, दुकानं उघडायच्या आधी. साडी, त्यावर मुलाचं जॅकेट, पायात सुनेचे जुने स्नीकर. आठवड्याभरात आईचा आवाज बदलला. तिकिटाचं नाव बंद झालं.

अडचण एकच होती. पहिल्याच फेरीत कोणीतरी विचारलं, "मिस्टर नाही आले?" माझे वडील मी चौथीत असताना घर सोडून गेले, पुढे रीतसर घटस्फोट झाला. आई म्हणाली, "त्यांना थंडी सोसत नाही." दुसऱ्या दिवशी थंडीला त्यांचे दुखरे गुडघे जोडावे लागले. मग एका मावशींनी त्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली दिली, दुसरीने फोनवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवले. आमच्या घरात इतक्या वर्षांत वडिलांची एवढी विचारपूस कधी झाली नव्हती.

"आणि कळलं तर?" मी विचारलं.

"कळलं तर मी त्याच आठवड्यात नागपूरला. तिथे सोसायटीतल्या बायका जशा बघतात ना, तशा नजरा इथेही झेलायला मी एवढ्या लांब आलेली नाही."

म्हणजे भाषण काय, कसंही झालं असतं, पण माझं खरं लक्ष त्या मॉलवर होतं. मला आई इथे हवी होती.

काकूंनी भाषण आधी वाचून दाखवायला सांगितलं. मी त्यांच्या किचनच्या मधल्या ओट्यासमोर उभी राहिले, आई स्टुलावर बसून चहा घेत होती. मी सुरुवात केली: वयाच्या चौतिसाव्या वर्षी पंतप्रधान, डाव्या विचारांचा पक्ष...

"थांब. पक्ष काढ. आपलं मंडळ नॉन-पॉलिटिकल आहे."

"काकू, ती पॉलिटिशियन आहे."

"असू दे ना. पण पुढच्या रांगेत इथल्या दोन्ही पक्षांचे काका बसतात आणि ते थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून एकमेकांशी बोलत नाहीत. पुढे?"

पुढे आघाडी सरकार होतं, पाच पक्षांचं, पाचही पक्षांच्या प्रमुख बायका.

"पाच बायका एकत्र? आणि चाललं?" काकू समितीच्या मागच्या मीटिंगची आठवण काढून जरा वेळ हसल्या. "हे ठेव. पक्ष म्हणू नको, ग्रुप म्हण."

मग शेजारच्या देशातलं युद्ध आणि नेटोसाठी केलेला अर्ज. ते गेलं, कारण महिला दिनाला युद्ध बरं दिसत नाही. ती आई आणि आईच्या जोडीदारिणीच्या घरात वाढली, म्हणजे घरात दोन बायका, ते गेलं, कारण लहान मुलं असतात. लग्नाआधी मूल झालं, ते तर काकूंनी मला पूर्ण वाचूच दिलं नाही. तरुणपणी तिने दुकानात कॅशियरचं काम केलं होतं. त्यावर मात्र त्या खूश झाल्या. "स्ट्रगल! मस्त. हे दोनदा घे."

"आणि पार्टीत नाचतानाचा व्हिडिओ बाहेर आला, मग तिने ड्रग टेस्ट करून घेतली, ती निगेटिव्ह आली..."

"अगं बाई." काकूंनी कप खाली ठेवला. बराच विचार केला. "असं कर. 'तिला नृत्यकलेची आवड आहे' म्हण."

शेवटी ती निवडणूक हरली. म्हणजे तिच्या पक्षाच्या जागा वाढल्या, पण पहिला नंबर गेला आणि पद गेलं. "नको, शेवट पॉझिटिव्ह हवा," काकू म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "त्यात ते एक वाक्य आहे ना, ती लहान असताना आईवडील वेगळे झाले ते. तेही काढ."

"ते काकूंनी ठेवलंय."

"म्हणून तर म्हणते. एकदा तुमच्या काकू त्या विषयावर आल्या की सोडत नाहीत."

मी काढलं. आता उरलं ते असं: थंड देशातली, मेहनती, मिळून-मिसळून राहणारी, नृत्याची आवड असलेली मुलगी. पत्रिका जोडली असती तर लग्न जमवणाऱ्या साइटवर टाकता आलं असतं.

कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात होता. मागे समोसे गरम होत होते. मी कागदावरून मान वर न करता भाषण संपवलं. टाळ्या पडल्या, भूक लागल्यावर पडतात तशा. मी खाली उतरणार तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक काका उठले.

"छान बोललीस. पण एक सांग, तिचे वडील कोण?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"म्हणजे वडील मिनिस्टर वगैरे असणार ना? त्याशिवाय चौतिसाव्या वर्षी कोण पंतप्रधान करतं? घराणेशाही काय आपल्याकडेच आहे का?"

थँक्सगिव्हिंगपासून त्यांच्याशी न बोलणाऱ्या काकांनी मान डोलावली. "एकदम बरोबर."

दोघांचं इतक्या महिन्यांनी एकमत झालं होतं, आणि ते साफ चूक होतं. मला उत्तर माहीत होतं. ते दिलं की पुढचा प्रश्न कुठे वळेल तेही माहीत होतं. माझ्या श्वासाचा आवाज स्पीकरवर येत होता.

"वडील नव्हते घरात," आईचा आवाज आला. ती चौथ्या-पाचव्या रांगेत उभी राहिली होती. "आईने वाढवलं तिला."

"पण वहिनी, भाषणात तर हे नव्हतं."

"मी काढायला लावलं."

"का हो?"

"तुम्ही मग हिचे वडील कुठे आहेत ते विचारलं असतं म्हणून."

इतकं झाल्यावर माणसाने बसावं. पण काका भाबडे होते. "कुठे आहेत?"

"असतील कुठेतरी. आम्ही वेगळे झालो त्याला वर्षं झाली," आई म्हणाली. मग मॉलच्या बायका बसल्या होत्या तिकडे वळली. "गुडघे चांगले आहेत त्यांचे. माझ्या माहितीप्रमाणे."

मागे समोशांचे ट्रे हलवणारेसुद्धा थांबले. काकू लगबगीने माझ्याकडे यायला लागल्या, "चहा तयार आहे" म्हणत. मला एवढंच दिसत होतं की आई अजून उभी आहे, एकटी, आणि सगळे तिच्याकडे बघतायत. त्यांनी दुसरीकडे बघावं म्हणून मी बोलायला लागले. कागद न बघता. पक्ष सांगितला, घरातल्या दोन बायका सांगितल्या, मूल, नेटो, नाच, टेस्ट, सगळं उलटसुलट आणि निम्मं इंग्लिशमध्ये. व्हिडिओचं ऐकून एक-दोन जणी हसल्या. आई खाली बसली. मागून एका मुलीने ओरडून विचारलं, "सो, डिड शी विन?"

"नाही. हरली."

"देन व्हॉट?"

"मग तिने पार्टी सोडली, म्हणजे पक्षाचं पद. संसदही सोडली. दुसरी नोकरी धरली."

"ओके," ती मुलगी म्हणाली आणि समोसे घ्यायला गेली.

घरी आल्यावर आई लगेच झोपायला गेली. रात्रीच मी एअरलाइनच्या साइटवर तारखा बघून ठेवल्या, तिने विचारायच्या आत. सकाळी मात्र ती स्नीकर घालून दारात उभी.

"नक्की?" मी विचारलं.

"बघू तरी कोण येतं ते."

तिला सोडून मी पार्किंगमध्येच थांबले. ऑफिसला कळवलं की उशीर होईल. तेल देणाऱ्या मावशी माझ्यासमोर मुलाच्या गाडीतून उतरल्या, आईला काचेच्या दारात बघून थबकल्या, आणि आत शिरून सरळ दुसऱ्या बाजूने चालायला लागल्या. त्यांच्याबरोबर आणखी एक. काढायला लावलेलं सगळं मी बोलून टाकलं होतं, तरी काकू आल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी आईचा हात धरला आणि तिला आत नेलं.

नेहमीपेक्षा खूप उशिराने आई बाहेर आली. चेहरा लाल, कपाळावर आठ्या.

"काय झालं? काही बोलल्या का?"

"काही? अगं, थांबतच नाहीत. एकेक जण मला बाजूला घेते आणि आपल्या नवऱ्याचं सांगत बसते. इतकी वर्षं तोंडातून शब्द नाही आणि आज सगळं एकदम. तुमच्या काकूंचं तर विचारू नकोस." गाडीत बसून तिने सीटचा पट्टा ओढला, तो नेहमीसारखा अडकला, मी तिच्या अंगावरून वाकून लावून दिला.

"मी तारखा बघून ठेवल्यात," मी म्हटलं. "तिकिटाच्या. तुला हवं असेल तर."

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "काकूंच्या नवऱ्याचं अजून अर्धंच ऐकून झालंय."