ओसिंग मॅमचं जठर

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या आमच्या मेडिकल कॉलेजात ओसिंग मॅमच्या हाताखालून गेलेला एकही डॉक्टर पुढे आयुष्यात निवांत बाचोय खाऊ शकलेला नाही. डुकराची आतडी आणि काळीज घातलेला हा शेवयांचा रस्सा ला पासच्या बाजारात सगळं गाव भुरकत असतं. पण मॅमबरोबर गेलं की वाडगा समोर आल्यावर आधी परीक्षा. चमच्यानं आतड्याचा तुकडा उचलून त्या विचारायच्या, "सांग इंदाय, हे कुठलं? जठराला लागूनचं की पार पुढचं?" इंदाय म्हणजे मी, तशा त्यांना सगळ्याच पोरी इंदाय.

"मॅम, मायक्रोस्कोपशिवाय कसं सांगणार?"

"मग आणायचा होतास. जेवायला यायला बरी विसरत नाहीस!"

एवढं होईपर्यंत माझी भूक मेलेली असायची आणि माझा वाडगाही मॅमच संपवायच्या. दुकानवाली लुदिंग मानांग, म्हणजे आमची लुदिंगताई, एकदा वैतागून म्हणालीच, "डॉक, माझी गिऱ्हाइकं पळवू नका हो. पोटात काय जातंय ते कळलं तर जेवेल का कुणी?"

मॅमचं पूर्ण नाव युफ्रोसिना सुमागायसाय. विषय हिस्टॉलॉजी, म्हणजे शरीराच्या पातळ चकत्या रंगवून काचेवर बघायच्या आणि कुठला अवयव ते ओळखायचं. अन्ननलिकेपासून मोठ्या आतड्यापर्यंतचा रस्ता त्यांना घरापासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यापेक्षा जास्त पाठ होता. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आले होते एक. पण त्यांना स्वादुपिंड आणि लाळेची गाठ यांतला फरक सांगता आला नाही." त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? काचेवर दोन्ही सारखीच दिसतात. स्वादुपिंडात जांभळ्या गर्दीत मधूनमधून फिकट बेटं असतात, एवढाच काय तो मोठा फरक. आणि परीक्षेला मॅम काच अशी लावून ठेवायच्या की बेटं नेमकी नजरेआड. काचेला बोट लावायचं नाही, घंटा वाजली की उठून पुढच्या मायक्रोस्कोपवर जायचं. नापास करताना आवाज मात्र असा, की लेकराला झोपवतायत. आम्हा इलोंगो, म्हणजे इलोइलोकडच्या, लोकांचं हे असंच आहे. शिव्या घातल्या तरी परक्याला वाटतं लाड चाललेत.

त्यांचा सगळ्यात लाडका नियम पेल्यांचा. आतड्याच्या अस्तरात चिकट रसानं भरलेल्या, पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. जठरात त्या नसतात. "पेला दिसला की डोळे मिटून आतडं लिहायचं. ज्याला एवढंही जमत नाही त्यानं लुदिंगकडे भांडी घासावीत." रोग मात्र त्या शिकवायच्या नाहीत. रोगांचा विभाग वरच्या मजल्यावर. "मी निरोगी माणसांची बाई आहे," असं ठसक्यात सांगायच्या. मी पुढे वरच्या मजल्यावर गेले, तुकडे तपासून रोग ओळखणारी डॉक्टर झाले, तर वर्षभर मला टोमणे: "माझ्या गुणी पेशी सोडून बिघडलेल्यांच्या नादी लागली ही."

मग कधीतरी मॅमनी माझा वाडगा संपवणं सोडलं. पुढे स्वतःचाही अर्धा राहू लागला. विचारलं तर, "गॅस आहे गं." लुदिंग मानांगनं आल्याचा काढा पाजला, मी मागे लागले, भांडले, तेव्हा कुठे जठरात दुर्बीण घालून तुकडा काढून घ्यायला तयार झाल्या. तीही एका अटीवर. "तुकडा तूच बघायचास. दुसऱ्या कुणाला माझं आतलं दाखवायचं नाही. मला लाज वाटते."

काच तयार होऊन आली. मी बघितली. पुन्हा बघितली. मॅमना काय आणि कसं सांगायचं याचा विचार करत बसले होते, तेवढ्यात दारात मॅम, हातात बिस्कोचोच्या गोड टोस्टांचं पाकीट.

"सरक. बघू दे."

"मॅम, पेशंटनं आपली काच बघायची नसते."

"कोण पेशंट? मी तुझी मास्तरीण आहे. ऊठ!"

मी उठले. काय करणार? त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे लावले, आणि एकदम खो खो हसायला लागल्या.

"अगं गाढवे, काचा बदलल्यास तू! हे आतडं आहे. हे बघ पेले, कसे ओळीनं बसलेत. कुणा गरिबाचं आतडं माझ्या नावावर खपवतेस? शाब्बास! हेच शिकवलं का मी तुला?"

त्यांना इतकं हायसं वाटलं होतं की पाकीट फोडून त्यांनी एक बिस्कोचो माझ्या हातावर ठेवला. तो मी तसाच टेबलावर ठेवला. काच खरंच बदललेली असती, तर मी किती आनंदानं नापास झाले असते!

"मॅम, काच जरा डावीकडे घ्या."

"काय आहे तिकडे?"

"बघा ना."

त्यांनी काच सरकवली आणि हात थांबला. त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला, पेल्यांना अगदी चिकटून, गोल गुलाबी पेशी होत्या, तळलेल्या अंड्यासारख्या. आम्ल तयार करणाऱ्या या पेशी जठराच्याच. दोन्ही एका सलग तुकड्यात. काच बदललेली नव्हती.

"जठरच आहे," मॅम म्हणाल्या. "मग यात पेले कशाला आलेत?"

"बरीच वर्षं सूज राहिली की येतात, मॅम. जठर आतड्यासारखं वागायला लागतं."

"मला न विचारता?"

मी हसायचा प्रयत्न केला. तोवर त्या शेजारच्या तुकड्यावर गेल्या होत्या. तिथे पेशींनी रांग सोडली होती. वेड्यावाकड्या, काळपट, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मॅम खूप वेळ बघत राहिल्या. मग परीक्षेत आम्ही विचारायचो तशा बारीक आवाजात म्हणाल्या, "इंदाय, हे कुठल्या अवयवात असतं गं?"

"कुठल्याच नाही, मॅम."

"कॅन्सर?"

"हो. पण लवकर सापडलाय असं वाटतंय. ऑपरेशननं निघेल."

"वाटतंय, की निघेल?"

खोटं बोलले असते तर त्यांनी लगेच पकडलं असतं. "वाटतंय. एवढ्याशा तुकड्यावरून किती खोल गेलाय ते नाही सांगता येत."

त्यांनी डोळे उचलले नाहीत. "रंग मात्र छान बसलाय," म्हणाल्या. मला इतकं भरून आलं की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मागून आवाज आला, "ऑपरेशन कोण करेल? तो हेचानोवा?"

"हो. चांगला हात आहे त्याचा."

"दोनदा नापास केलाय मी त्याला." चष्मा नाकावर आणून त्या कितीतरी वेळ नीट करत बसल्या. "माझ्याबरोबर येशील? त्याच्यासमोर मला रडू आलं तर?"

"मग रडा की, मॅम. आम्ही काय कमी रडलोय तुमच्यासमोर?"

मॅम हसल्या नाहीत. उठताना त्यांनी माझा हात धरला. जिना उतरलो, आवार ओलांडलं, हेचानोवाच्या दाराशी पोचलो, आणि त्यानं घाईघाईनं उठून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं, तरी तो हात त्यांनी सोडला नव्हता.