चौथी ओळ

मुलांच्या हृदयविभागातल्या खुर्च्या बुटक्या होत्या. आयांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत यायचे, पण डॉक्टरबाईंनी तीस वर्षांत त्या बदलू दिल्या नाहीत. पोराला सगळे आपल्या उंचीचे वाटले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. आईबापांना नुसतं तोंडी सांगून भागत नाही, हेही त्या पहिल्याच वर्षी शिकल्या. तेव्हापासून लाल-निळ्या पेन्सिलीनं कागदावर हृदय काढायचं, पडद्यातलं भोक दाखवायचं आणि खाली चार ओळींत सूचना लिहून द्यायच्या, ही त्यांची रीत.

"बाई, हा बटाटा कुणाचा?" सिस्टर चित्राकडे बघून विचारायच्या.

"बटाट्याला नळ्या असतात का हो?" असं म्हणून बाई पुढचा बटाटा काढायला घ्यायच्या.

असे कागद शेकड्यांनी घरोघर गेले. महिन्याभरात ते हरवत असणार, असं बाईंना वाटायचं.

त्या सकाळी निळू आली. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. सहा वर्षांची असताना चार पावलं पळाली की तिचे ओठ निळे पडायचे आणि ती मटकन उकिडवी बसायची. ऑपरेशन झालं, निळेपणा गेला, नाव तेवढं राहिलं. आता ती बत्तीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काम करायची, लग्नाला चार वर्षं झाली होती. तरी दरवर्षी त्याच बुटक्या खुर्चीवर बसायची आणि तपासणी झाली की बाई तिच्या मनगटावर कागदी तारा चिकटवायच्या. तिला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं दरवर्षी ठरायचं आणि राहून जायचं.

या खेपेला सोबत आई होती. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद.

"बाई, हिला तुम्हीच समजवा," आई म्हणाली. "मूल हवं म्हणते. तुमच्या हातचं दाखवलं, तर म्हणते बाईंनाच विचारू."

बाईंनी बटाटा ओळखला. खाली त्यांचंच अक्षर. दात स्वच्छ ठेवा. ताप अंगावर काढू नका. दरवर्षी दाखवा. आणि चौथी ओळ, खाली दोन रेघा मारलेली: पुढे बाळंतपण नको.

"अगं, हे कधी बोलली नाहीस मला?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" निळू म्हणाली. "आधी शाळा कशी चाललीय विचारायचात, मग नोकरी. लग्न झाल्याचं सांगितलं, तेव्हा दोन तारे दिलेत."

बाईंनी चौथी ओळ पुन्हा वाचली. ती लिहिली तेव्हा बरेच डॉक्टर तसंच सांगत. पुढे ऑपरेशन झालेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना मुलं झाली, मत बदललं. त्यावर बाईंनी व्याख्यानंसुद्धा दिली होती. पण ही समोरची पोरगी मोठी झाली आहे, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"आधी नीट तपासू," त्या म्हणाल्या. "अपराधी वाटतंय म्हणून हो म्हणणार नाही मी."

हृदयाची सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, ट्रेडमिलवर चालवून झालं. दोन आठवड्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. निळू खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"एक झडप थोडी गळते," बाई म्हणाल्या. "पण हृदय दमलेलं नाही. मूल होऊ शकतं. काळजी घ्यावी लागेल, धोका अगदीच नाही असं नाही."

निळूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई मात्र कागदाकडेच बघत होती.

"म्हणजे चार वर्षं मी हिला उगाच अडवलं?"

"तुम्ही लिहिलेलं पाळलंत. खोडायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही."

बाईंनी ती ओळ खोडली, शेजारी तारीख घातली, सही केली. आईनं मान हलवली. "असा खाडाखोडीचा नको. नवा द्या."

बाईंनी नवा काढला. सिस्टर डोकावून म्हणाल्या, "हात काही सुधारला नाही." चौथी ओळ आता लांबली होती: मूल होऊ शकतं, पण दिवस राहण्याआधी मोठ्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. खाली त्या डॉक्टरांचा फोन नंबर.

आईनं सवयीनं रिकामं पाकीट पुढे केलं. पण निळूनं कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"हा माझ्याकडे असू दे, आई."