दोन दयानंद

कोर्टाच्या बाररूममध्ये बसलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. मोबाइल वाजला, नंबर इचलकरंजीचा, कुठल्यातरी कॉइन बॉक्सवरचा. मागे यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे पलीकडचा माणूस ओरडूनच बोलत होता. "धाकटं मालक, मी दयानंद बोलतोय." मी म्हटलं, बोल. मग तो म्हणाला, "वकीलसायब गेलं... सकाळी गेलं." मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्या अशिलाला, तुमची तारीख पुढच्या महिन्यातली घेऊ, असं काहीतरी सांगितलं. नंतर तो अशील म्हणाला की मी तेच वाक्य त्याला तीनदा सांगितलं होतं.

फोन करणारा दयानंद म्हणजे आमच्या अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कारखान्यातला जुना जॉबर, माग बिघडले की दुरुस्त करणारा. गेला तो दयानंद माझा मित्र. दोघांचं नाव एक आणि आडनावही एक. वडिलांचं नाव तेवढं वेगळं, पण ते मतपत्रिकेवर कोण वाचतो! या सारखेपणाचा एका निवडणुकीत वापर झाला. तो करणाऱ्यांत मीही होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दयानंदला जाऊन आज पाच आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी मित्राबद्दल लिहा म्हटलं तेव्हा आधी नाही म्हणालो होतो. पण त्याच्याबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं, तर मग लिहायलाच नको.

आमची ओळख कोल्हापूरच्या लॉ कॉलेजातली. दोघेही इचलकरंजीचे, एकाच गाडीने जाणारे-येणारे, म्हणून मैत्री झाली. मला तो बसू म्हणायचा. त्याचे वडील दुसऱ्यांच्या मागावर बारा तास उभे राहायचे, आमच्या अप्पांचे स्वतःचे चोवीस माग. तो बौद्ध, आम्ही लिंगायत. आमच्या घरी तो आला की अव्वा, माझी आई, त्याला आग्रहाने चहा द्यायची. त्याचा कप वेगळा असायचा. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, त्याच्या पहिल्याच दिवशी आलं असणार. मी ओशाळून विषय काढला तर म्हणाला, "चहा चांगला असतोय की रे, बसू." एवढंच. सुट्टीत तो स्वतः मागावर काम करायचा आणि फौजदारी संहितेचं पुस्तक सुताच्या बीमच्या आडोशाला ठेवून वाचायचा. त्याच्या पुस्तकांच्या पानांतून कापसाचे बारीक तंतू निघायचे. माझ्याकडून पुस्तक नेलं तर मात्र झटकून, पुसून परत द्यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका शेडमध्ये यंत्राच्या पट्ट्यात लुगडं अडकून कांड्यांवर सूत भरणारी एक बाई गेली. मालक म्हणाला, ही माझ्याकडे कामालाच नव्हती. ती अकरा वर्षं तिथं कामाला होती, पण तसा कागदाचा एक तुकडा कुणापाशी नव्हता. दयानंदला सनद मिळून वर्ष झालं होतं. तो त्या बाईच्या नवऱ्याला घेऊन, मागावरच्या प्रत्येक माणसाला ओळखपत्र मिळावं असा अर्ज करून, आमच्या खासदारांच्या बंगल्यावर गेला. दिवसभर त्यांना व्हरांड्यात बसवलं. संध्याकाळी साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "वकील, निवडून या, मग कायदा शिकवा." साहेब हे बोलून विसरलेही असतील. दयानंद विसरला नाही. पुढच्या लोकसभेला त्याने अपक्ष उभं राहायचं ठरवलं. त्याला सत्ताविसावं चालू होतं.

अपक्षाच्या अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. पहिली सही माझी होती. मोठ्या उत्साहात केली होती. घरी आलो तर अप्पा पेपर वाचत बसले होते. त्यांना आधीच कळलं होतं. "सही केलीस?" म्हणाले. मी म्हटलं, व्हय. "बरं केलंस," म्हणाले आणि पान उलटलं. अप्पा साहेबांच्या सूतगिरणीवर संचालक होते. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो झाला नाही म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटलं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आपल्या दया जॉबरला जरा कोल्हापूरला कलेक्टर ऑफिसात सोड. त्याचं घरकुलाचं काम हाय." मी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं. नवा पांढरा शर्ट घातला होता त्याने, आणि रस्ताभर तो मला सांगत होता की पत्र्याचं का होईना पण स्वतःचं घर होईल. ऑफिसच्या पायऱ्यांवर साहेबांच्या पक्षाची चार माणसं उभी होती. त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं. कुणाच्या तरी हातात भरलेला अर्ज होता, वरचं नाव मला दिसलं. तेव्हा समजलं... मी व्हरांड्यात उभा राहिलो. आत जाऊन त्याचा हात धरला असता तर तो माझ्याबरोबर निमूट परत आला असता, मालकाचा मुलगा होतो मी. मी खाली जाऊन स्कूटरजवळ थांबलो.

दुसऱ्या दिवशी छाननीला दयानंदने आपलंच नाव दोनदा ऐकलं. माघारीला दोन दिवस होते. तो धावत माझ्याकडे आला. "बसू, त्या माणसाला गाठूया. गरीब माणूस असणार, फसवून उभा केलाय. समजून सांगितलं तर माघार घेईल." यादीत पत्ता हातकणंगल्याच्या पुढच्या एका गावाचा होता. माझ्याच स्कूटरवर आम्ही निघालो. दया जॉबर त्या वेळी आमच्याच मळ्यातल्या खोलीत लपवलेला होता. सकाळी त्याचा डबा घरूनच गेला होता, तो मी पाहिला होता. गावात घर सापडलं. त्याची बायको दारात आली. सणावाराला ती आमच्या घरी यायची, मला लहानपणापासून ओळखायची. दयानंद तिच्याशी फार गोड बोलला. "वैनी, तुमचं मालक कुठं गेल्यात तेवढं सांगा. त्यांच्या वाइटाचं न्हाय." ती जमिनीकडे बघत म्हणाली, "म्हाईत न्हाय बगा." दोन दिवसांत आम्ही चार वेळा गेलो. सांगलीला त्याचा मेव्हणा होता, तिथंही जाऊन आलो. मी गाडी चालवत होतो. मागे बसून तो मला सांगत होता की माणूस भेटला की काय बोलायचं, कसं बोलायचं. एकदा म्हणाला, "तू काय बोलंनास?" मी म्हटलं, वाऱ्यात ऐकू येत नाही.

मुदत संपली. चिन्हं वाटली. दयानंदला कपबशी मिळाली, दुसऱ्याला किटली. तो हसून म्हणाला, "कपबशी मिळाली बघ. अव्वाला सांग." त्यानंतर तीन आठवडे तो सायकलला भोंगा बांधून फिरला. शेडच्या दाराशी पाळी सुटायच्या वेळेला उभा राहायचा. लोक ऐकायचे, मान हलवायचे. बायका कुंकू लावायला पुढे यायच्या. मी पहिले चार दिवस गेलो, मग अप्पांची तब्येत पुढे केली. मतदानाच्या दिवशी त्याच्या बाजूने मी बूथवर बसायचं ठरलं होतं. तिथंही गेलो नाही. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी धूत बसलो, टाकी स्वच्छ होती तरी.

साहेब निवडून आले. ते येणारच होते, दोन काय दहा दयानंद उभे असते तरी आले असते. मोजणीच्या हॉलमध्ये टेबलावर किटलीचा गठ्ठा कपबशीच्या गठ्ठ्यापेक्षा जाड दिसत होता. दयानंद बराच वेळ त्या दोन गठ्ठ्यांकडे बघत उभा होता. बाहेर आल्यावर झाडाखाली बसला आणि म्हणाला, "हरणार ते म्हाईत होतंच रे. पण किती हरलो हे तरी माझं मला कळायला पायजे होतं. त्यातली माझी कुठली आणि त्याची कुठली... आता कधीच कळणार न्हाय." अनामत जप्त झाल्याचं त्याला वाईट वाटलं नाही. हे मात्र त्याला पुढे कधी सुटलं नाही. रस्त्यात कुणी म्हातारा भेटून, "पोरा, तुलाच शिक्का मारला की, किटलीवर," असं म्हणाला की तो नमस्कार करायचा आणि त्या दिवशी मग कुणाशी बोलायचा नाही.

पुढची सात-आठ वर्षं मी कोल्हापुरात वकिली जमवली. दयानंदची जमली नाही. मालक लोक त्याला काम देईनात, आणि ज्या कामगारांची कामं तो करायचा त्यांच्याकडे द्यायला काही नसायचं. वडील वारले, लग्न झालं, मुलगी झाली, आणि एक दिवस कळलं की दयानंद परत मागावर उभा राहतोय. सनद पेटीत ठेवून. मी भेटायला गेलो तेव्हा चार माग एकटा चालवत होता. केसांवर, भुवयांवर कापूस. माझ्याकडे बघून हात वर केला आणि तुटलेली सुताची तार जोडायला वळला. त्याच शेडमध्ये दया जॉबरही होता. घरकुल मिळालं नव्हतंच. आमच्याकडचं काम सोडून तो तिथं आला होता. दोघं एका डब्यात जेवायचे. मी दारातूनच परत आलो.

कापसाच्या धुळीने त्याची छाती धरली ती यंदा. औषधं मध्येच सुटली, पाळी चुकवून दवाखान्यात जाणार कोण? मिरजेला दवाखान्यात शेवटचा भेटलो. खिडकीशी खाट होती. त्याची बायको, सुरेखा वहिनी, मोसंबी सोलत होती. त्यांना त्याने गरम पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाला, "बसू, काय बोलायचं हाय का तुला?" दम लागत होता, एकेक शब्द सुटा येत होता. मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतात?" तो माझ्याकडे बघत राहिला. रागावून नाही. मी दुसरं काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता. मग म्हणाला, "बरं म्हणतात," आणि डोळे मिटले. नऊ दिवसांनी तो फोन आला.

अंत्यविधी झाल्यावर जॉबर माझ्याशेजारी येऊन बसला. त्याला मी विचारलं, तू कधी सांगितलंस का त्याला, कलेक्टर ऑफिसात कोण घेऊन गेलं ते. "न्हाय की," म्हणाला. "सांगायला लागलो तर त्यांनीच हात केला, नको म्हणून. त्यास्नी तवाच कळलंतं, धाकटं मालक. म्हणालं, तुझी बायको माझ्याशी बोलत हुती, पण बसूकडं एकदाबी बघितलं न्हाय. अनोळखी माणसाकडं कुणी असं बघायचं टाळतंय व्हय?" म्हणजे पहिल्याच फेरीला. त्यानंतरच्या तीन फेऱ्या, सांगलीचा रस्ता, मागे बसून तो मला शिकवत होता ते बोलणं... ते सगळं कळल्यावरचं होतं. तो त्या माणसाला शोधतच नव्हता. दोन दिवस माझी वाट बघत होता.

गेल्या रविवारी त्याच्या खोलीवर गेलो. दहा बाय दहाची खोली, दाराजवळ फळी टाकून केलेलं टेबल. रविवारी सकाळी तिथं बसून तो लोकांचे अर्ज लिहायचा. रेशन, पेन्शन, पगार बुडवलेला मालक. वहिनींनी ते टेबल हलवलेलं नाही. मी बसलो होतो तेवढ्यात एक म्हातारी आली, हातात घडी घातलेला कोरा कागद. तिला ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "मावशी, ते न्हाईत आता." म्हातारी उभीच राहिली. मी म्हटलं, आणा, मी लिहितो, मीही वकील आहे. तिने कागद दिला. कांड्या भरायच्या कामावरनं तिला काढलं होतं, वीस वर्षांचं काहीच दिलं नव्हतं. मी पेन उघडलं. मालकाचं नाव विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "तुमी कुणाचं, पावणं?"

मी अप्पांचं नाव सांगितलं.

म्हातारीने पुढं येऊन माझ्या हाताखालचा कागद हळूच ओढून घेतला, होता त्याच घडीत परत दुमडला आणि कमरेला खोचला. मग उंबऱ्यावर बसत वहिनींना म्हणाली, "बसतो वाईच."