शततारकेवरचा माळी

माझा मामा नत्थुजी मूर्ख आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मी नुसती त्या लोकांवरच चिडले आहे, असं कुणाला वाटायला नको.

अंजनगाव सुर्जीला त्याचा पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांचा, मळा. वेलींच्या सावलीत बसून त्याने जन्मभर परग्रहांच्या कथा वाचल्या. गावात कुणी विचारलं, "काहो नत्थुजी, पाऊस कवा येते?" तर हा मंगळावरच्या धुळीच्या वादळापासून सुरुवात करायचा. माणसं काढता पाय घ्यायची. मन लावून ऐकणारी एकटी माझी मामी, माणिकबाई, आणि तीही पिंपरी निवडता निवडता.

साठीला टेकल्यावर त्याला अमरावतीचं मंडळ सापडलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये विज्ञानकथांची वेडी माणसं जमतात. 'शततारका' नावाचं एक जहाज त्यांनी कल्पनेतच बांधलंय. सगळे मिळून त्याची गोष्ट रचतात आणि जमले की त्या गोष्टीतली माणसं होऊनच बोलतात. कॉलेजात शिकवणाऱ्या अनुपमा मॅडम जहाजाच्या कप्तान. यशोधन वकील दिशा दाखवणारा. मामा माळी. मी त्याला एसटी स्टँडवरून स्कूटीवर न्यायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. त्याने तोंड उघडलं की यशोधन म्हणायचा, "माळीबुवा, जहाजावर प्रमाण मराठी." सगळे हसायचे. मामाही हसायचा, याचा मला जास्त राग यायचा.

त्यांचा एक नियम होता. जो लागोपाठ सभा चुकवेल तो शीतनिद्रेत गेला. परत आला की त्याने डोळे मिटून आपल्या खुर्चीत बसायचं. कप्तानाने डोक्यावर हात ठेवून "उठा, प्रवास बाकी आहे" म्हणायचं, मग तो जागा आणि सगळ्यांच्या टाळ्या. तोवर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही आणि त्यानेही बोलायचं नाही. मिनिटाभराची गंमत, मग चहा. मामाने स्वतः कितीतरी जणांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

मग मामी आजारी पडली. अकोल्याच्या दवाखान्यात मामा महिनोन् महिने तिच्या उशाशी होता. एकदा ती त्याला हसत म्हणाली, "तुमी लोकं ताऱ्यायले नावं देता म्हणे. एक माह्या नावाचा करा." मंडळाचं वर्षातून एकदा अकोल्यात संमेलन असतं. तिथे काळ्या कापडाच्या आभाळावर प्रत्येक जण एक टिकली चिकटवतो आणि त्या ताऱ्याला आपल्या माणसाचं नाव देतो. मामाने तिचा हात धरून शब्द दिला. मी तिथेच होते.

मधल्या एका रविवारी तिनेच त्याला पिटाळलं. "जा, जराक हसून या." मामा आला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. मॅडम उठणार तेवढ्यात यशोधनने डोळा मारला आणि ओठांवर बोट ठेवलं. मॅडम परत बसल्या. चहा मामाच्या नाकासमोरून फिरला. सभा संपेपर्यंत तो तसाच, चेहऱ्यावर हसू ठेवून.

"गंमत करून राहिले होते," स्कूटीवर तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या वेळी मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "झोपू दे. सभा वेळेत तरी संपते." निद्रिस्ताला ऐकू येत नाही, असंही नियमात होतं ना! मग सगळ्यांनाच चेव आला. त्याच्या सदऱ्याला पिंपरीचा वास येतो. त्याने रचलेल्या प्रकरणात जहाजाचा गोठा होतो. कुणी तरी म्हणालं, "याला कुठल्या तरी ग्रहावर उतरवून टाका आणि पुढे चला." मी ताडकन उठले. मामाने मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. नाही म्हणून. मी बसले. त्याचं हसू मात्र गेलं होतं.

"तू सांगत काहून नाही त्यायले, मामी बिमार हाय म्हणून?" मी बाहेर ओरडले.

"झोपेतल्या माणसानं बोलू नये, दामिनी. नेम मोडला तं खेळ काय राहिला?"

सांगितलं ना, मूर्ख आहे.

मामी गेली. तेरवी झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यात अकोल्याचं संमेलन आलं. संमेलनात सगळे वेष करून येतात आणि दिवसभर कुणी सोंग सोडायचं नसतं. शेवटपर्यंत जो सोडत नाही त्याला चषक. मामाने मामीच्या हातचा चंदेरी कोट घातला. तिच्या आरशावरची तिने लावून काढलेली टिकली एका कागदावर चिकटवून खिशात ठेवली. "आज उठवतीन," तो म्हणाला. "आज सगळ्यायलेच उठवतात."

एकेक जण कापडाशी जाऊन तारा लावत होता. कुणी आईच्या नावाचा, कुणी कुत्र्याच्या. डोळे मिटून बसलेल्या मामाची पाळी आली. मॅडम माइकवर म्हणाल्या, "माळी निद्रेत आहेत. पुढचे?"

हॉलभर खसखस पिकली. मामाने डोळे उघडले आणि उभा राहिला.

"बाई, मले उठवा," तो म्हणाला. "माही माणिक गेली. तिले कबूल केलंय मी. एवढा एक तारा लावू द्या."

आणि तो रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक वाहीपर्यंत. टिकली त्याच्या अंगठ्यावर होती.

मग यशोधन उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याचं बघून दुसरा, तिसरा, सगळा हॉल. "व्वा माळीबुवा! निद्रेतलं स्वप्न! काय उभं केलंत!" मी ओरडत होते, खरं आहे, खरं आहे. पोराठोरांचं कोण ऐकतं, त्यातून सोंगाच्या दिवशी. मॅडमचेही डोळे भरून आले होते. त्यांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवला, "उठा, प्रवास बाकी आहे" म्हणाल्या आणि चषक हातात दिला.

चषक काखोटीला मारून मामा कापडाकडे गेला. दोन मुलं त्याची घडी करत होती.

"ताऱ्यांचं सत्र संपलं हो," मॅडम मायेने म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुमचा पहिला."

अकोटमार्गे जाणाऱ्या एसटीत आम्ही बसलो. मामाच्या फोनवर मंडळाच्या ग्रुपचे फोटो येऊ लागले. त्यात रडणारा मामा, खाली 'सर्वोत्कृष्ट अभिनय'. मी फोन ओढून घेतला आणि लिहिलं, 'मी नत्थुजींची भाची. माझी मामी खरंच वारली आहे.'

यशोधनचं उत्तर लगेच आलं. 'बघा, अजून सोंग सोडलं नाही! चषक उगाच नाही दिला.' खाली अंगठेच अंगठे. मॅडमचाही होता.

मी शिव्याच लिहायला घेतल्या होत्या. मामाने फोन काढून घेतला. एका हाताच्या अंगठ्यावर अजून टिकली, म्हणून दुसऱ्या हाताने एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं. मला वाटलं, आता तरी तो त्यांना सांगेल. मी वाकून वाचलं.

'सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे.'

"बरोबर हाय ना?" त्याने मला विचारलं. "त्यायले प्रमाण मराठी लागते."