आम्हा भुऱ्यांचं ऊन

मेडशीहून निघाले तेव्हा ऐन चैत्र होता. पातळावर बाबांचा लांब बाह्यांचा सदरा, डोकं-मान झाकणारा रुमाल, वर छत्री. एस.टी.च्या थांब्यावरच्या बाया हसल्या. “भुरी कोन्या लग्नाले चालली व?” माय ताडकन म्हणाली, “मायी पोरगी जगाले चालली!”

दादा आणि मी जन्मतःच पांढरे. कातडी, केस, पापण्यासुद्धा. बहात्तरच्या दुष्काळात दादानं उघड्या अंगानं खडी फोडली. त्याच्या कानावरची जखम भरेना. उष्णता असेल, म्हणत पाला बांधत राहिलो. अकोल्याच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला तेव्हा उशीर झाला होता. “यांच्या कातडीला ऊन सोसत नाही. पोरीला तरी झाका,” ते बाबांना म्हणाले. दादा गेला. त्यानंतर बाबांनी मला शेतात निंदणाला पाठवलं नाही. मॅट्रिक होऊ दिलं आणि नागपूरला धाडलं.

तिथं एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाले. ऊन चढायच्या आत ड्यूटीवर, उतरल्यावर होस्टेलवर. गावाकडं दुपार म्हणजे तुरीचं रान, इथं खसचा पडदा आणि “हॅलो, कोणता वॉर्ड?” बसून खाते, असं गावात बोलत. मला त्या सावलीची लाज कधीच वाटली नाही.

एकदा रजेवर गेले, तर काकांची छकुली शेताच्या धुऱ्यावर बसलेली. माझ्यासारखीच पांढरी, खांदे भाजून फोड आलेले. मी तिला उचलून घरी आणलं. काका चिडले, “शेतकऱ्याच्या पोरीनं उन्हाले भ्यायचं काय?”

“दादा भ्याला नाही, काका. कुठी हाय तो?”

काकू उठली, आपलं जाड लुगडं फाडून छकुलीला लांब बाह्यांचं झंपर शिवायला बसली. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन शाळेत गेले. मास्तरांना बजावलं, कवायतीच्या वेळी ही ओसरीत बसेल. ते कुरकुरले, मी ‘हो’ ऐकल्याशिवाय हलले नाही. आता छकुली झाकून-पाकून शाळेत जाते. पोरं चिडवतात, ती त्यांना शिव्या घालते. छान घालते.

माझ्यासारखे शहरात आलेले गावासाठी रडतात. मी रडत नाही. त्या गावानं माझा भाऊ उन्हात ठेवला, मला जगण्यासाठी बाहेर पडावं लागलं. पण छकुलीला गाव सोडावं लागता कामा नये. ती मेडशीतच शिकेल, मोठी होईल, म्हातारी होईल. तेव्हाच मी मेडशीला माझं घर म्हणेन. आधी नाही.