शनिवारी उघडणारा डबा

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर टार्गेटच्या मागे तुसाची पोती रचून ठेवली आहेत. एखादं पोतं फाटलं की तुसासोबत छर्रे सांडतात, आणि झाडायला बसलं की छर्ऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. हा तेव्हाचा, तो अमक्याचा, असं म्हणता म्हणता चहा गार होतो. आमच्या मूल गावात भातगिरण्या बऱ्याच आहेत, पण गोदामात पिस्तुलाची रेंज असलेली गिरणी एकच. तिथे रोज सकाळी आम्ही चौघं जमतो. त्या जागेचे माझ्यावर उपकार आहेत, आणि उपकार मनातल्या मनात ठेवले की शिळे होतात. म्हणून सांगते.

मी नर्स. वीस वर्षं सलाईन लावल्या. "लाईट गेली तरी सिस्टरला शीर सापडते" असा माझा लौकिक होता. मग एका दुपारी तापानं फणफणलेलं दोन वर्षांचं लेकरू आलं. चार वेळा सुई टोचली, चारही वेळा चुकली. त्याची आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या, सिस्टर."

दुसऱ्या नर्सनं सलाईन लावली, लेकरू बरं होऊन घरी गेलं. माझा हात मात्र त्या दिवसापासून सुई दिसली की थरथरायला लागला. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी मेट्रनबाईंनी मला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. पगार तोच, खुर्ची पंख्याखाली. रोज घरी जाऊन रडायचे.

---

त्या खिडकीवर मेश्राम सर आले, बीपी दाखवायला. गडचिरोलीला पोलिसांना नेमबाजी शिकवण्यात त्यांची नोकरी गेली, आता रिटायर. केसपेपरवर शिक्का मारताना त्यांनी माझा हात पाहिला.

"काऊन थरथरून राह्यला हात, बाई?"

"माहीत नाई, सर. रिपोर्ट तं सगळे नॉर्मल हायेत."

"मंग उद्या सकाळी गिरणीत या. मी नेम शिकवतो."

"असा हात घेऊन?"

"न थरथरणारा हात मले अजून भेटला नाई," सर म्हणाले आणि केसपेपर घेऊन रांगेत जाऊन बसले.

---

पहिला महिनाभर सरांनी छर्रा हातात दिला नाही. रिकामं पिस्तूल उचलायचं, त्याच्या नळीवर धानाचा एक दाणा ठेवायचा आणि घोडा असा दाबायचा की दाणा पडता कामा नये. माझा दाणा घोड्यापर्यंत बोट जायच्या आधीच पडायचा.

गिरणीचे मालक गुरनुले काकाजी. गोदाम त्यांचंच, आणि हौसेनं शिकणाऱ्यांत पहिला नंबरही त्यांचाच. एक दिवस ते वैतागले. "सर, माह्या इथी रोज ट्रकानं धान येते, अन् तुमी एका दाण्यासाठी मले तासभर उभं करून राह्यले."

सर म्हणाले, "तुमचं पोतं पडलं तं हमाल उचलते, काकाजी. हा दाणा तुमालेच सांभाळा लागते."

काकाजी वाकले आणि दाणा शोधायला लागले.

---

सरांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे डबा. नेम मारून झाला की टार्गेटचा कागद न बघता पाठीमागे नाव लिहायचं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा उघडणार फक्त शनिवारी. तोपर्यंत किती गुण पडले ते कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही.

मला कुठला धीर! एका बुधवारी सर पाठमोरे असताना मी पहिल्याच छर्ऱ्यानंतर कागद जवळ ओढून पाहिला. दहापैकी सात. मन खट्टू झालं. पुढचे चार छर्रे कुठे गेले ते तुसालाच ठाऊक.

शनिवारी डबा उघडला. सरांनी माझा कागद उजेडात धरला. "एक सातचा. अन् बाकी सगळी धूळधाण. बाई, तुमी कागद पाह्यला होता."

"तुमाले कसं कळलं?"

"तुमी अजूनही तो सातच पाहून राह्यल्या."

शिक्षा म्हणून सूपभर तांदूळ निवडायला दिले. बसले निवडत. अर्ध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की काढून टाकलेल्या खड्याचा विचार करत कोणी तांदूळ निवडत नाही. नजर पुढच्या खड्यावर असते. हे मी लहानपणापासून करत होते, फक्त सुईच्या बाबतीत विसरले होते. शिक्षा कसली, सरांनी औषधच दिलं होतं.

---

पिस्तुलाच्या टोकाला एक छोटा खुंट असतो, त्याला फ्रंट साईट म्हणतात. नजर त्याच्यावर ठेवायची. तो स्वच्छ दिसला पाहिजे आणि टार्गेट धूसर. हे ऐकायला सोपं आहे, पण डोळे ऐकत नाहीत. ते धावत टार्गेटकडे जातात.

काकाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते रेंजवर आले, पण नवा चष्मा अजून यायचा होता, म्हणून वाचायचा जुना चष्मा लावून उभे राहिले. त्या शनिवारी डब्यातून त्यांचा कागद निघाला तो आजवरचा सगळ्यात चांगला. आम्ही थक्क.

"काकाजी, काय केलं तुमी?" मी विचारलं.

"काई नाई. मले तं टार्गेट दिसतच नव्हतं. लाजेनं बोललो नाई."

सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आता नवा चष्मा आणू नोका."

---

आमच्यातला चौथा मडावी. जंगलखात्यात वनरक्षक आहे. तो उभा राहिला की खांब रोवल्यासारखा. मी एकदा विचारलं, इतकं स्थिर राहायला कुठे शिकलास?

"ड्युटीवर, सिस्टर. पानवठ्यावर वाघीण समोर आली. मी हाललो असतो तं आज इथी नसतो."

असा हा मडावी नागपूरला स्पर्धेला गेला आणि पार ढेपाळला. हॉल एसी, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आमच्या गोदामात तर भिंतीपलीकडे गिरणी धडधडत असते, आम्हाला त्या आवाजाचीच सवय. पहिले दहा छर्रे वाया गेल्यावर मडावीनं एक युक्ती केली. तोंडातल्या तोंडात "घर्र घर्र" सुरू केलं. नेम बसायला लागला, पण शेजारच्या नेमबाजानं तक्रार केली.

पंच आले. "कसला आवाज करता?"

"गिरणीचा, साहेब."

त्याला ताकीद मिळाली, बक्षीस नाही मिळालं. परत येऊन त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या मंगळवारी सकाळी आम्ही गेलो तर गिरणी बंद. हमाल बाहेर तंबाखू मळत बसलेले. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळचा एक तास गिरणी बंद असते. ऐन हंगामातही असते. अशी माणसं मला भेटली.

---

माझं दुखणं मात्र वेगळं होतं. हात थरथरायला लागला की मी घाईनं घोडा दाबून मोकळी व्हायचे. एकदाचं होऊन जाऊ दे, असं. सर एकच शब्द बोलायचे, "उतरवा." म्हणजे हात खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला.

"सर, उतरवलं की हरल्यासारखं वाटते."

"बाई, उतरवणं येगळं अन् सोडणं येगळं. ज्याले उतरवता येते त्यालेच पुन्हा उचलता येते."

एका सकाळी मी नऊ वेळा पिस्तूल उचललं आणि नऊ वेळा उतरवलं. एकही छर्रा सुटला नाही. सरांनी स्वतः उठून मला चहा आणून दिला. "आज चांगला सराव झाला."

काकाजी चक्रावले. "गोळी तं सुटलीच नाई."

"म्हणून तं," सर म्हणाले.

---

आणि हा मागच्या पावसाळ्यातला. गुरुवारची दुपार होती. मेश्राम सरांना मडावी आणि काकाजी दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात घेऊन आले. तीन दिवस ताप आणि उलट्या, ओठ सुकलेले. डॉक्टरांनी ताबडतोब सलाईन लावायला सांगितली. म्हातारा हात, त्यात अंगातलं पाणी गेलेलं. दोन नर्सनी तीन ठिकाणी टोचलं, शीर लागेना. मी खिडकीतून सगळं पाहत होते.

सर कसेबसे बोलले, "त्या खिडकीतल्या सिस्टरले बोलवा."

मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. "जमेल का? आज चुकलं तर तुला वॉर्डात परत घ्यायचं नाव मलाही काढता येणार नाही." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच हलली, मला आजही सांगता येणार नाही.

सरांचा हात हातात घेतला. शीर दिसली, सुतासारखी. सुई कातडीपर्यंत नेली आणि थरथर सुरू झाली. मी सुई मागे घेतली, झाकली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"राहू दे गं," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या.

सरांचे डोळे मिटलेले होते. "थांबा, मेट्रनबाई. त्यायनं उतरवलं हाये. सोडलं नाई."

मी श्वास घेतला. अर्धा सोडला. पुन्हा सुई उचलली. या वेळी शिरेकडे पाहिलं नाही, सुईच्या टोकाकडे पाहिलं. बाकी सगळं धूसर झालं. त्या लेकराची आईसुद्धा.

सुईच्या मागच्या टोकाशी रक्ताचा लाल ठिपका आला. सलाईनचा पहिला थेंब पडला, मग दुसरा. काकाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मेट्रनबाईंनी चिकटपट्टी फाडून माझ्या हातात दिली. मी ती लावली तेव्हा माझा हात नेहमीसारखा हात होता.

सरांनी डोळे न उघडताच विचारलं, "कितीचा?"

मी म्हटलं, "शनिवारी सांगते, सर."