शफाच्या घाटातला तेलाचा पंप

गावाच्या फाट्यावर, एसटीच्या थांब्यामागे, आठ बाय दहाचा फ्लेक्स लागला. त्यावर एक जुनी उघडी लाल मोटार, मोटारीत एक दाढीवाला अरब आणि त्याच्या शेजारी दोन्ही हात वर करून हसणारा शंकर पाष्टे. खाली सोनेरी अक्षरांत ‘सातासमुद्रापार गावाचे नाव गाजवणारे रेसर श्री. शंकरशेठ पाष्टे यांचे हार्दिक अभिनंदन’ आणि त्याखाली अकरा शुभेच्छुकांचे फोटो. त्यांतला सर्वांत मोठा राजाभाऊंचा. राजाभाऊ म्हणजे शंकरचा चुलतभाऊ, ग्रामपंचायतीचा सदस्य. ज्याला गावात कधी कुणी शेठ म्हटलं नव्हतं, तो एका दिवसात शेठ झाला. गाव खूश, भावकी खूश. इकडे सौदीतल्या ताइफला मोबाइलवर तो फ्लेक्स बघून शंकरला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्या फोटोत काय आहे ते फक्त त्यालाच कळत होतं.

शंकर तसा हाताचा पक्का माणूस. दाभोळच्या खाडीत मच्छीमारांच्या होड्यांची एंजिनं उघडता उघडता शिकला, तेवीस वर्षांपूर्वी सौदीत आला, जेद्दाहच्या गॅरेजांत घासला आणि गेली आठ वर्षं ताइफला अबू राकानकडे आहे. अबू राकान हा त्याचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक. वय अडुसष्ट, ठेकेदारी पोरांच्या गळ्यात घालून मोकळा झालेला. तरुणपणी अमेरिकेत शिकायला होता, तिथून डिग्रीबरोबर जुन्या मोटारींचं वेड घेऊन आला. शहराबाहेरच्या त्याच्या शेडमध्ये नऊ गाड्या. त्यांतली १९१२ सालची लाल शर्यतीची गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. शंकरने दोन वर्षं खपून ती चालती केली होती.

शेडच्या भिंतीवर त्याने त्या काळातल्या अमेरिकी शर्यतींचे फोटो लावले होते आणि चहाच्या वेळी तो त्यांच्या गोष्टी सांगायचा. तेव्हा शर्यती साध्या रस्त्यांवर व्हायच्या. धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर तेल ओतायचे आणि लोक अगदी चाकांपर्यंत येऊन उभे राहायचे. शेवटी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका श्रीमंत माणसाने फक्त मोटारींसाठीच रस्ता बांधून काढला, त्यावर टांगा-बैलगाडीला मज्जाव. शर्यतीच्या प्रत्येक गाडीत दोघं बसायचे, एक ड्रायव्हर आणि एक मेकॅनिक. मेकॅनिकने मागून कोण येतंय ते बघायचं, टायर फुटला तर उडी मारायची आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे हाताने पंप मारून एंजिनला तेल पाजत राहायचं. शंकरने ते सगळे फोटो नीट पाहिले होते. प्रत्येकाखाली ड्रायव्हरचं नाव छापलेलं. मेकॅनिकचं एकाही फोटोखाली नव्हतं. ही गोष्ट त्याला उगीचच लागली होती.

शेडमध्ये त्याच्या हाताखाली नदीम होता. आझमगडचा, तिशीतला, सव्वा वर्षापूर्वी आलेला. कमी बोलायचा. दोन वेळा मोजल्याशिवाय नट आवळायचा नाही. शंकरला तो ‘उस्ताद’ म्हणायचा आणि शंकरला ते आवडायचं.

गुलाबाच्या हंगामात, एका शुक्रवारी सकाळी, जुन्या गाड्यांचा मेळा भरला. शफाच्या डोंगरावर जाणारा जुना घाटरस्ता तीन तास बंद ठेवला होता, बारा गाड्या एकामागून एक वर जायच्या होत्या. लाल गाडी अबू राकान चालवणार आणि शेजारी मेकॅनिक म्हणून शंकर. पहाटेच नदीमने एरंडेल मिसळलेलं घट्ट तेल मोजून टाकीत भरलं. आता चढावर दर मिनिटाला पंपाचे सहा-सात दट्टे मारायचे. मागे निळसर धूर दिसत राहिला म्हणजे तेल पोचतंय. धूर गेला की संपलं. एवढं साधं काम.

सुरुवातीच्या ठिकाणी इंद्रनील नावाचा एक पुण्याचा इंजिनिअर भेटला. रास तनुराच्या रिफायनरीत नोकरीला, बायकोमुलांना गुलाब दाखवायला घेऊन आलेला. शंकरचं मराठी ऐकून त्याला कोण आनंद! ‘‘काका, मी चौथ्या वळणावर उभा राहतो. तिथे आलात की दोन्ही हात वर करा. असा फोटो काढतो की गावाकडे सगळे बघत राहतील.’’

तेवीस वर्षं ज्याचा एकच फोटो निघाला होता, तोही इकाम्यावरचा, म्हणजे परदेशी कामगाराच्या ओळखपत्रावरचा, त्याला असं काही सांगू नये.

चौथं वळण आलं. इंद्रनीलने मोबाइल उचलला, शंकरने पंप सोडून दोन्ही हात वर केले. तिथे थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, पोरं ओरडत होती, कुणी गुलाबाच्या पाकळ्या उधळत होतं, आणि शंकर एखाद्या निवडून आलेल्या आमदारासारखा सगळ्यांना हात करत सुटला. सहाव्या वळणापर्यंत त्याला पंपाची आठवणही झाली नाही. आठवण झाली आणि त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा धूर नव्हता. त्याने घाईघाईने दट्टे हाणले, पण आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला लागला होता. शंभर पावलांवर गाडी जागच्या जागी अडकून उभी राहिली. बेअरिंगमधला पांढरा धातू वितळून गेला होता.

अबू राकान उतरला. एवढ्यात मदतीसाठी मागून येणाऱ्या जीपमधून नदीम धावत आला.

‘‘तेल कौन मिलाया?’’ अबू राकानने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं.

‘‘मैंने, सेठ.’’

मग तो शंकरकडे वळला. ‘‘शंकर, पंप?’’

शंकरला आपली मान हलताना कळली. ‘‘तमाम,’’ तो म्हणाला. सगळं ठीक.

एकच शब्द. तोही आपल्या भाषेतला नाही. त्या एका शब्दाने नदीमची नोकरी गेली.

अबू राकान तसा वाईट माणूस नव्हता. त्याने शिवी दिली नाही, पगार कापला नाही. पण तेल चुकीचं मिसळणारा माणूस आपल्या शेडमध्ये नको, असं तो म्हणाला आणि त्याने नदीमचा खुरूज करायला सांगितला, म्हणजे कायमचं परत पाठवण्याचा कागद. दहाव्या दिवसाचं विमान ठरलं. पुढचे नऊ दिवस शंकर त्या उघड्या एंजिनापाशी वाकून काम करत राहिला. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. चहाच्या वेळी सांगू. जेवणानंतर सांगू. मग स्वतःलाच म्हणायचा, फोटो एका क्षणाचा असतो, त्यावरून काय सिद्ध होतं? आपलं वय त्रेपन्न, आपल्याला आता दुसरीकडे कोण ठेवणार? नदीम तरुण आहे, त्याला कुठेही काम मिळेल. अशी कारणं माणसाला ढिगाने सुचतात. खरी गोष्ट एवढीच होती की त्याला लाज वाटत होती, आणि जितके दिवस जात होते तितकी ती सांगण्याची लाज जास्तच वाढत होती.

त्यातच पाचव्या दिवशी तो फ्लेक्स आला. शंकरने निघण्याआधीच इंद्रनीलला घरचा नंबर देऊन ठेवला होता, एवढी त्याला घाई; घाटात गाडी अडकायच्या आधीच फोटो घरी पोचला होता. राजाभाऊंचा फोन आला. ‘‘शंकर, मे महिन्यात रजेवर येशील तेव्हा शाळेत सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, सगळा. रेस जिंकलास ना रे तू?’’

‘‘रेस नव्हती ती, भाऊ. नुसता मेळावा होता.’’

‘‘असूं दे रे. लोकांना काय कळताय?’’

आठव्या दिवशी त्याच्या मुलीचा, नूपुरचा फोन आला. ती रत्नागिरीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. पप्पांच्या फोटोवर तिने कॉलेजात मैत्रिणींपुढे जवळजवळ व्याख्यानच दिलं होतं.

‘‘पप्पा, मी त्या गाड्यांबद्दल वाचलं. त्यात तेलाचा पंप हाताने मारायचा असतो ना? मग तुमचे दोन्ही हात वर, तेव्हा पंप कोण मारत होतं?’’

ती सहज विचारत होती. ‘‘अगं, तो ऑटोमॅटिक होता,’’ तो म्हणाला.

‘‘एकोणीसशे बारामध्ये?’’

‘‘मालकाने नंतर बसवलाय.’’

‘‘बरं, पप्पा,’’ नूपुर म्हणाली. तिने पुढे काही विचारलं नाही, अभ्यास आहे म्हणून फोन ठेवला. लहानपणापासून ती त्याला एका प्रश्नावर कधी सोडत नसे. आज सोडलं. ज्या मुलीला त्याने रजेवर येईल तेव्हा होडीच्या एंजिनावर बसवून पाने ओळखायला शिकवलं, तिच्याशी तो एंजिनाबद्दल खोटं बोलला होता.

नवव्या दिवशी दुपारी नदीम त्याच्या खोलीवर आला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात पान्यांचा कापडी गुंडाळा होता, तो त्याने खाटेवर ठेवला.

‘‘ये आप रख लीजिए, उस्ताद.’’

‘‘काय झालं? तिकडे लागतील ना तुला?’’ शंकर मराठीतच बोलून गेला आणि मग सावरून हिंदीत म्हणाला, ‘‘वहाँ काम आएँगे.’’

‘‘अब गाड़ी का काम नहीं करूँगा. भाई की किराने की दुकान है, वहीं बैठूँगा.’’ नदीमने आपल्या पंजांकडे पाहिलं. ‘‘उस दिन तेल मैंने तीन बार नापा था. मुझे याद है, तीन बार. फिर भी ग़लत हुआ. नौ दिन से यही सोच रहा हूँ कि कहाँ ग़लत हुआ. जिसे अपना नापा हुआ भी याद न रहे, वो मशीन को हाथ क्यों लगाए?’’

शंकरने गुंडाळा खाटेवरून त्याच्याकडे सरकवला.

‘‘आपकी दो साल की मेहनत मेरी वजह से जल गई,’’ नदीम म्हणाला. ‘‘जाने से पहले कहा-सुना माफ़ करवाना होता है. आप मुझे माफ़ कर दीजिए.’’

आणि तो माफीची वाट बघत उभा राहिला.

शंकरला वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याच्या तोंडून शब्द आले ते अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत. तेल बरोबर होतं. तीन वेळा मोजलेलं बरोबरच होतं. पंप मी सोडला होता. फोटोसाठी. दोन वळणं मी नुसते हात हलवत होतो. मग सेठने विचारलं आणि मी तमाम म्हणालो.

नदीमने विचारलं, ‘‘आपको कब पता चला?’’

‘‘तभी. उसी वक़्त.’’

नदीमने खाटेवरचा गुंडाळा उचलला आणि तो दाराबाहेर पडला. शंकर त्याच्या मागे गेला. दोघं शेडपर्यंत चालत गेले, नदीम चार पावलं पुढे. शेडमध्ये अबू राकान आणि जेद्दाहहून आलेले त्याचे दोन पाहुणे बसले होते. शंकरने सगळ्यांसमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी त्याची जीभ अडखळली नाही.

अबू राकानने शेवटपर्यंत ऐकलं. शंकरकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो उठला, पाहुण्यांसमोर नदीमपाशी गेला, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. तिथे पोरं बापाची माफी मागताना असं करतात. इथे अडुसष्ट वर्षांचा मालक आपल्या नोकराच्या कपाळाला ओठ लावत होता. ‘‘सामिहनी,’’ तो म्हणाला, मला माफ कर. नदीमचे डोळे भरून आले. त्याने मालकाचा हात धरला आणि मान हलवली. अबू राकानने तिथेच मुलाला फोन लावून खुरूज रद्द करायला सांगितलं, उद्याचं तिकीटही.

ते बघत असताना शंकरच्या ध्यानात आलं की आपण खोलीवर सगळं सांगितलं, इथेही सांगितलं, पण माफी मागितलीच नाही. मालकाला ती दोन क्षणांत मागता आली. तो पुढे झाला. त्याचे हात आपोआप जोडले गेले, आणि तो नदीमपुढे वाकू लागला.

नदीम एक पाऊल मागे सरला.

‘‘सेठ को मालूम नहीं था, शंकरभाई,’’ तो म्हणाला. ‘‘आपको मालूम था.’’

उस्ताद म्हणाला नाही. पान्यांचा गुंडाळा काखेत धरून तो शेडच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथल्या गाडीचं बॉनेट उघडून कामाला लागला.